बोकड तयार करताना परवडणारा धान्याचा खुराक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विक्रीआधीचे शेवटचे ९० ते १२० दिवस बोकडाला धान्य आणि पेंड घालून अंगावर भरवायचं, हे काम आता मराठवाडा, नगर, पुणे, सोलापूर, विदर्भ सगळीकडे चालतं. चुकतं ते बहुतेक हिशेबात आणि घाईत. पुढचे प्रश्न बंदिस्त किंवा अर्धबंदिस्त पद्धतीत १० ते ५० बोकड सांभाळणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून घेतले आहेत.

‘परवडणारा’ खुराक म्हणजे सगळ्यात स्वस्त खुराक का?

नाही, आणि बाकीचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. खुराकाचा किलोचा दर बघू नका. बोकडाच्या अंगावर एक किलो वजन चढायला किती रुपयांचा चारा-खुराक गेला, ते बघा.

हिशेब करून पाहू. १८ किलोचा उस्मानाबादी बोकड आहे. त्याला रोज ३५० ग्रॅम खुराक, ३५० ग्रॅम तुरीचं भुसकट आणि ४०० ग्रॅम हिरवा चारा लागतो. समजा खुराक २९ रुपये किलो, भुसकट ८ रुपये आणि हिरवा चारा ३ रुपये पडतो. रोजचा खर्च १४ रुपये १५ पैसे. बोकड रोज १०० ग्रॅम वाढला, तर एक किलो वाढीला १४१ रुपये लागले.

आता त्याच बोकडाला पेंड आणि खनिज मिश्रण काढून नुसता मका आणि कोंडा २४ रुपये किलोने घातला. रोजचा खर्च उतरला १२ रुपये ४० पैशांवर. पण प्रथिनं कमी पडली आणि वाढ ५५ ग्रॅमवर आली, तर किलोभर वाढीला २२५ रुपये मोडले. शिवाय ठरलेलं वजन गाठायला जवळपास दुप्पट दिवस लागणार, ते वेगळंच.

दर तुमच्या गावातले घाला. पद्धत हीच ठेवा.

कोणत्या वयाचे, किती वजनाचे बोकड घ्यावेत?

दूध तुटलेले, ३ ते ५ महिन्यांचे, १२ ते १५ किलोचे. या वयात खाल्लेलं मांस आणि हाड होण्याकडे जातं. वय वाढलं की तेच धान्य चरबीकडे वळतं आणि चरबीचा किलो धान्यात महाग पडतो.

उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी या आपल्या जातींकडून नीट खुराकावर रोज ८० ते १०० ग्रॅम वाढ धरावी. सिरोही, बीटल किंवा त्यांचे संकर थोडे पुढे जातात आणि बोअर संकरित आणखी पुढे. जाहिरातीत दिसणारे रोज २५०-३०० ग्रॅमचे आकडे गावरान बोकडावर लावून कर्ज काढू नका.

बाजारातून आणलेला हडकुळा पण निरोगी बोकड सुरुवातीला झपाट्याने भरतो, कारण त्याची वाढ उपासमारीने अडलेली असते. हडकुळा आणि आजारी यांत मात्र फरक करता आला पाहिजे. डोळ्याची खालची पापणी उलटून बघा. गुलाबी-लाल असेल तर ठीक. पांढरट असेल तर जंतांनी रक्त प्यायलंय. अशाला आधी औषध, मग धान्य.

खुराकात नेमकं काय, किती घालायचं? १०० किलोचं माप द्या.

दोन टप्प्यांत करा.

पहिला टप्पा, सुरुवातीचे ३० दिवस: मका भरडा ४४ किलो, गव्हाचा कोंडा २० किलो (दुकानात ‘गहू भुसा’ म्हणून पोत्यात मिळतो तो, काडाचा भुसा नव्हे), तूर किंवा हरभरा चुनी ११ किलो, सोयाबीन पेंड म्हणजे डीओसी १९ किलो, खनिज मिश्रण २ किलो, कॅल्साइट पावडर २ किलो, मीठ १ किलो, खाण्याचा सोडा १ किलो. यात प्रथिनं साधारण १७ टक्के येतात.

दुसरा टप्पा, ३१ व्या दिवसापासून विक्रीपर्यंत: मका भरडा ५६, कोंडा १४, चुनी १०, सोयाबीन पेंड १४, खनिज मिश्रण २, कॅल्साइट २, मीठ १ आणि सोड्याच्या जागी पशुखाद्याच्या प्रतीचा अमोनियम क्लोराइड १ किलो. प्रथिनं १५ टक्क्यांच्या आसपास. कल्हईवाल्याकडचा नवसागर हाच अमोनियम क्लोराइड असला तरी त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. तो वापरू नका.

सोडा काढून अमोनियम क्लोराइड का, हे पुढे मूतखड्याच्या प्रश्नात सांगितलं आहे. ही अदलाबदल विसरू नका.

मका महाग झाला तर त्याऐवजी काय?

ज्वारी आणि बाजरी दोन्ही चालतात. बाजरीत प्रथिनं मक्यापेक्षा जास्त, ऊर्जा थोडी कमी. ज्वारीचा भरडा मक्याच्या जागी किलोला किलो घालता येतो. तांदळाची कणी भात पट्ट्यात स्वस्त मिळते, पण ती पोटात लवकर फुटते, म्हणून धान्याच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. गव्हाचंही तेच.

पावसात सापडून काळी पडलेली खरीप ज्वारी निम्म्या दरात मिळते आणि मोह होतो. दाणा वरून राखाडी झालाय पण आतून पांढरा-कडक आहे, वास येत नाही, अशी ज्वारी धान्याच्या पाव भागापर्यंत मिसळता येते. दाणा चुरडल्यावर गुलाबी-काळी भुकटी होत असेल, कुबट वास असेल, तर ती बुरशी आहे. असली ज्वारी फुकट मिळाली तरी महागच.

एक बारकावा मका विकत घेताना. १४ टक्के ओलाव्याचा मका आणि १० टक्क्यांचा मका दोन्ही २४ रुपये किलो असतील, तर पहिल्यात कोरडं धान्य २८ रुपयांनी पडतं आणि दुसऱ्यात २६ रुपये ७० पैशांनी. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर दाणा दाढेखाली धरा. ‘कट्’ असा आवाज होऊन तुटला तर वाळलेला. दबून चपटा झाला तर तो पोत्यात गरम होणार आणि त्याला बुरशी लागणार.

पेंड कोणती घ्यावी?

पेंडीचा दर किलोवर नको, प्रथिनाच्या किलोवर काढा. किलोचा दर भागिले प्रथिनांचं प्रमाण. उदाहरणादाखल, सोयाबीन पेंड ४२ रुपये आणि प्रथिनं ४५ टक्के, म्हणजे प्रथिनाचा किलो ९३ रुपयांना. शेंगदाणा पेंड ५० रुपये, ४२ टक्के, म्हणजे ११९ रुपये. सूर्यफूल पेंड ३० रुपये, २८ टक्के, म्हणजे १०७ रुपये. सालासकट सरकी पेंड ३६ रुपये, २२ टक्के, म्हणजे १६४ रुपये. म्हशीला सरकी घालायची सवय म्हणून बोकडालाही सरकीच आणणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करून बघावा. सरकीत तेल आणि तंतू असतात, त्याची थोडी किंमत धरली तरी अंतर राहतंच.

इथेनॉल कारखान्यांतून मिळणारं मक्याचं डीडीजीएस, म्हणजे इथेनॉल काढून उरलेला वाळवलेला चोथा, आता बाजारात आहे. प्रथिनं २६ ते ३० टक्के, आणि बऱ्याचदा हिशेबात बसतं. १०० किलोत १० ते १५ किलोच्या वर जाऊ नका. फॉस्फरस जास्त असतो आणि मूळ मका बुरशीचा असेल तर त्याचं विष यात जवळपास तिपटीने एकवटतं. डीडीजीएस सोनेरी-पिवळं आणि ताकासारख्या वासाचं हवं. काळपट, जळका वास असेल तर वाळवताना करपलेलं आहे, त्यातली प्रथिनं बोकडाच्या कामी येत नाहीत.

शेंगदाणा पेंड पावसाळ्यात जपून घ्या. अफलाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची पहिली शंका तिच्यावरच घ्यावी. आणि कोणतीही पेंड घ्या, मूठभर पारदर्शक ग्लासात पाण्यात ढवळून १० मिनिटं ठेवा. तळाशी वाळू-माती बसली, तर तुम्ही मातीला पेंडीचा भाव देताय.

घरचं सोयाबीन आहे, ते भरडून घातलं तर?

भाजून घाला, १०० किलोत ८ ते १० किलोपर्यंत. सोयाबीनमध्ये १८ ते २० टक्के तेल असतं. जास्त झालं की पोटातल्या जिवाणूंना तेल सोसत नाही आणि भुसकट पचायचं थांबतं. कच्चं सोयाबीन आणि युरिया एकाच खुराकात कधीही नको. कच्च्या सोयाबीनमधलं विकर युरियाचा झटपट अमोनिया करतं आणि जनावर तासाभरात विषबाधेने कोसळू शकतं.

प्रमाण आपलं आपण कसं काढायचं? प्रत्येक गावात वेगळा माल मिळतो.

पिअर्सनचा चौकोन ही सोपी रीत. समजा मका ९ टक्के प्रथिनांचा आणि पेंड ४५ टक्क्यांची आहे. हवीत १६ टक्के. खनिज, मीठ यांत ६ किलो जाणार, म्हणून लक्ष्य एक टक्का वर धरा, १७.

४५ वजा १७ म्हणजे २८, हे मक्याचे भाग. १७ वजा ९ म्हणजे ८, हे पेंडीचे भाग. एकूण ३६. उरलेल्या ९४ किलोत मका ७३ आणि पेंड २१ किलो. हे झालं दोनच वस्तूंचं. आता मका कमी करून त्यात कोंडा आणि चुनी घाला. त्यांच्यात प्रथिनं मक्यापेक्षा जास्त असल्याने पेंड थोडी कमी करता येते, आणि खुराक पोटाला हलका होतो. नुसता मका-पेंडीचा खुराक कागदावर स्वस्त दिसतो, पण नवख्याच्या हातात तो धोक्याचा आहे.

धान्य सुरू कसं करायचं?

हळू. दिवस १ ते ३ रोज १०० ग्रॅम, मग दर तीन दिवसांनी ५० ग्रॅम वाढवत १६ व्या दिवशी ३५० ग्रॅम. रोजचं माप दोन वेळांत विभागून द्या. ४०० ग्रॅमच्या वर गेलात तर तीन वेळा.

बोकडाच्या पोटातले जिवाणू चाऱ्यावर पोसलेले असतात. धान्य अचानक पडलं की आम्ल तयार करणारे जिवाणू तासांत बोकांडी बसतात आणि ते आम्ल पचवणारे जिवाणू तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. या मधल्या दिवसांतच बोकड जातात.

रोज सकाळी आधी भुसकट टाका, अर्ध्या तासाने खुराक. उपाशी पोटी धान्य नको. प्रत्येक बोकडाला गव्हाणीची ३० सेंटिमीटर, म्हणजे फूटभर जागा मिळाली पाहिजे. १० बोकडांना ५ फुटी गव्हाण असली की दोन दांडगे दोघांचं खातात आणि आडवे पडतात, तीन भित्रे उपाशी राहून वाळतात. मालक म्हणतो खुराक वाईट होता. खुराक चांगला होता, गव्हाण आखूड होती. वजनाप्रमाणे गट पाडा, दर महिन्याला पुन्हा पाडा.

भरडा किती बारीक हवा?

मक्याच्या दाण्याचे चार-सहा तुकडे व्हावेत, पीठ नको. पल्व्हरायझरला ४ ते ६ मिलिमीटरची जाळी लावा. पीठ झालं की दोन तोटे: पोटात फार वेगाने आंबतं, आणि नाकात उडतं म्हणून बोकड खाता खाता शिंकतात, खोकतात आणि अर्धं सांडतात. शेळी-मेंढी मक्याचा अख्खा दाणाही बऱ्यापैकी चावते, पण अख्ख्या दाण्यातून ती पेंड आणि खनिज बाजूला सारून फक्त मका वेचते. ज्वारी-बाजरी बारीक दाण्याची, ती भरडूनच द्या, नाहीतर लेंडीतून अख्खी निघते.

शिजवून घालण्यात जळण आणि वेळ फुकट जातो. भिजवलेला खुराक त्याच वेळी संपणार असेल तरच द्या. मे महिन्यात सकाळी भिजवलेलं संध्याकाळी आंबलेलं असतं.

यंत्राशिवाय १०० किलो नीट मिसळता येतं का?

येतं. ताडपत्री अंथरा. खनिज मिश्रण, कॅल्साइट, मीठ आणि सोडा (किंवा अमोनियम क्लोराइड) आधी एका घमेल्यात ५ किलो कोंड्यात कालवा. मग ते उरलेल्या कोंड्यात आणि चुनीत. ताडपत्रीवर मक्याचा थर, त्यावर पेंड, त्यावर हा कोंडा पसरा आणि खोऱ्याने ढीग या बाजूचा त्या बाजूला पाच वेळा करा. चार ठिकाणची मूठ हातात घेऊन बघा, चारही मुठी सारख्या दिसल्या पाहिजेत. पांढरे ठिपके एकाच जागी दिसले तर अजून दोन वेळा फिरवा.

बोकड भुकटी खाली टाकत असतील तर ३ ते ५ किलो मळी (मोलॅसिस) तेवढ्याच कोमट पाण्यात पातळ करून शिंपडा. मळी घातलेला खुराक आठवड्यात संपवा.

धान्यासोबत चारा कोणता?

खुराक एकूण कोरड्या पदार्थाच्या ४५-५० टक्क्यांवर थांबवा. बाकी चारा. कडधान्यांचं भुसकट सगळ्यात उत्तम: तूर, हरभरा, आणि मिळाला तर भुईमुगाचा वाळलेला पाला. यात कॅल्शियम चांगलं असतं आणि बोकडाला ते आवडतं. सोयाबीनचं भुसकट काडीदार असतं, ते तुरीच्या भुसकटात मिसळून द्या. ज्वारीचा कडबा कुट्टी करूनच, अख्खा टाकला तर पानं खाऊन ताटं तुडवतात.

हिरव्यात शेवरी, हादगा, शेवगा, लसूणघास. सुबाभूळ चाऱ्याच्या एक तृतीयांशापर्यंतच, त्यातल्या मिमोसिनमुळे केस गळतात आणि वाढ अडते. बाभळीच्या वाळलेल्या शेंगा कुटून १०० किलो खुराकात कोंड्याच्या जागी १० किलोपर्यंत चालतात. गोळा करायची मजुरी घरची असेल तर याहून स्वस्त काही नाही.

उसाचं वाढं? कारखाना चालू असताना फुकटात मिळतं म्हणून अनेक जण त्यावरच भागवतात. वाढ्यातलं ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, आणि पोषण तर फारसं नाहीच. शेवटच्या तीन महिन्यांत वाढ्यावर भर देऊ नका. द्यावंच लागलं तर कुट्टी करून, चुन्याची निवळी शिंपडून, भुसकटात मिसळून.

हायड्रोपोनिक मका चारा स्वस्त पडतो का?

एका किलो मक्यातून ६-७ किलो हिरवं निघतं, हे खरं. पण त्यातलं बहुतेक पाणी असतं. कोरडा पदार्थ मोजला तर मूळ दाण्यात होता त्यापेक्षा थोडा कमीच भरतो, कारण कोंब वाढताना दाण्यातली साखर खर्च होते. त्यात ट्रे, पाणी, मजुरी. बोकड अंगावर भरवण्यासाठी तोच मका भरडून घाला.

आम्लता झाली हे कसं ओळखायचं आणि काय करायचं?

जास्त धान्य खाल्ल्यावर १२ ते ३६ तासांत दिसतं. बोकड रवंथ करत नाही, दात करकर वाजवतो, डावी कूस दाबली तर आत पाणी डुचमळल्यासारखं लागतं. लेंड्यांऐवजी पातळ, आंबट वासाची हगवण, त्यात भरड्याचे दाणे. मग लडखडतो आणि बसतो.

लगेच धान्य बंद, फक्त कोरडा चारा. बोकड उभा असेल आणि नीट गिळत असेल, तर २० किलो वजनाला १५ ते २० ग्रॅम खाण्याचा सोडा अर्धा लिटर कोमट पाण्यात हळूहळू पाजा आणि पशुवैद्यकाला बोलवा. मान टाकलेल्या बोकडाला बाटलीने काहीही पाजू नका, ते फुप्फुसात जातं. तेल, ताक, गूळ काही नको. गूळ तर आगीत तूप.

लग्नाचा उरलेला भात, चपात्या, बुंदी शेळ्यांपुढे ओतणं हा याच आजाराचा हमखास रस्ता. लग्नसराईत शेजारपाजारच्यांनाही आधीच सांगून ठेवा.

रोजची तपासणी लेंडीची. सकाळी गोठ्यात शिरल्यावर खाली बघा. सुट्या, कडक, चकाकत्या लेंड्या म्हणजे पोट ठीक. लेंड्या चिकटून द्राक्षाच्या घडासारखा गोळा पडायला लागला की दुसऱ्या दिवशी खुराक पाव भाग कमी करा, हगवणीची वाट बघू नका.

सगळ्यात चांगला भरलेला बोकडच सकाळी मेलेला सापडतो, असं का?

बहुतेक वेळा आंत्रविषार. आतड्यात मुळातच असलेले जिवाणू धान्याच्या स्टार्चवर अचानक बेसुमार वाढतात आणि विष सोडतात. जो जास्त खातो तोच बळी पडतो. इलाजाला वेळ मिळत नाही, म्हणून लस हाच उपाय. धान्य सुरू करण्याआधी लस, पहिल्यांदाच देत असाल तर २-३ आठवड्यांनी दुसरा डोस. पीपीआर या साथीच्या रोगाची लसही झालेली हवी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा.

बाजारातून आणलेले बोकड पहिले १५ ते २१ दिवस वेगळे ठेवा. लेंडी तपासून जंतनाशक, लस आणि खुराकाची चढती पायरी, तिन्ही याच काळात होऊन जातं.

मूतखडा का होतो?

नराची मूत्रनळी अरुंद आणि वळणाची असते. धान्य आणि कोंडा यांत फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नाममात्र. फॉस्फरस लघवीतून जाऊ लागतो, त्याचे खडे होतात आणि नळीत अडकतात. फार लहानपणी खच्ची केलेल्या बोकडात नळी पूर्ण वाढत नाही, तिथे धोका जास्त.

लक्षणं: वारंवार लघवीला ताण देणं, थेंब थेंब येणं, ओरडणं, पोटाला लाथ मारणं. लघवीच्या जागेच्या केसांना वाळूसारखे पांढरे कण चिकटलेले दिसले तर ती पहिली सूचना. लघवी पूर्ण बंद झाली तर तासांचा प्रश्न आहे, त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या.

टाळायचं कसं? खुराकात कॅल्शियम-फॉस्फरस २:१ च्या जवळ ठेवायचं. वरच्या मापातलं २ किलो कॅल्साइट त्यासाठीच आहे. ‘कोंडा पौष्टिक’ म्हणून ३०-४० किलो कोंडा घालाल तर हे गणित मोडतं. मीठ कमी करू नका, मिठाने बोकड पाणी पितो. आणि सोडा कायम चालू ठेवू नका. सोडा पोटाला सावरतो, पण लघवी अल्कधर्मी करतो, आणि हे खडे अल्कधर्मी लघवीतच जमतात. अमोनियम क्लोराइड लघवी आम्लधर्मी करतो. म्हणून पहिला महिना सोडा, पुढे अमोनियम क्लोराइड.

स्वच्छ पाणी दिवसभर समोर हवं. उन्हाळ्यात ३ ते ५ लिटर लागतं. दुपारी तापलेलं पाणी बोकड पीत नाही, म्हणून टाकी सावलीत. शेवाळ धरलेली टाकी घासायला आठवड्यातून १० मिनिटं लागतात.

युरिया घालता येतो का?

भरडलेल्या खुराकात घालू नका. मिसळण्यात थोडी चूक झाली की विषबाधा. युरियाचा खरा उपयोग गव्हाचं काड किंवा कडबा सुधारण्यात आहे: १०० किलो काडाला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, दाबून प्लास्टिकखाली २१ दिवस हवाबंद ठेवायचा, मग उघडून वास उडेपर्यंत पसरून थोडा थोडा द्यायचा. ४ महिन्यांच्या आतल्या करडांना नाही. कडधान्याच्या भुसकटाला याची गरज नाही.

इंटरनेटवर अमेरिकेतल्या बैलांचे ८०-८५ टक्के धान्याचे तक्ते दिसतात. तसं केलं तर लवकर तयार होतील?

तो हिशेब तिथला आहे. तिथे स्वस्त मका, वाफवून चपटा केलेला दाणा, खाद्यातली मोनेन्सिनसारखी औषधं आणि चार-पाच क्विंटलचं जनावर असतं, आणि तरीही तीन आठवडे पायरी-पायरीने चढवतात. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे ते तक्ते इथे सरळ बोकडांवर वापरले जातात. आणि बोकड मरतात. आपल्याकडे कडधान्याचं चांगलं भुसकट मिळत असताना एवढ्या धान्याची गरजही नाही.

हाच खुराक मेंढ्यांना किंवा रेडकांना चालेल का?

मेंढ्यांना धान्य-पेंड चालेल, खनिज मिश्रण मात्र मेंढीचं वेगळं घ्या. शेळीच्या मिश्रणात तांबं जास्त असू शकतं. मेंढीच्या यकृतात ते साठत जातं आणि एके दिवशी लाल लघवी होऊन ती दगावते. रेडकांना दुसऱ्या टप्प्याचा खुराक चालतो, वजनाच्या एक ते सव्वा टक्का.

वजनकाटा नाही. वाढ कशी मोजू?

टेप पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, सेंटिमीटरमध्ये घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०,८४०. घेर ६० आणि लांबी ५५ असेल तर वजन १८.३ किलो. दर १५ दिवसांनी, सकाळी चारा टाकण्याआधी, एकाच माणसाने मोजावं.

सोबत कमरेवर हात ठेवा. मणक्याच्या आडव्या हाडांची टोकं बोटांना टोचतात का? टोचत असतील तर अजून भरायचा आहे. टोकं गोल लागतात, थोडं दाबल्यावर हाड कळतं, ही विक्रीची वेळ. दाबूनही हाड लागत नसेल तर आता तुम्ही चरबीला धान्य घालताय.

सलग दोन मोजण्यांत वाढ रोज ६० ग्रॅमच्या खाली आली आणि आजार नसेल, तर वाट बघू नका, विकून टाका. गावरान बोकडात ही वेळ बहुधा २५ ते ३० किलोच्या दरम्यान येते.

सुरुवात कधी करावी?

विक्रीच्या दिवसापासून मागे मोजा. बकरी ईद दरवर्षी १० ते ११ दिवस अलीकडे सरकते. २०२५ साली ती आपल्याकडे ७ जूनला होती. म्हणजे पुढची काही वर्षं शेवटचा महिना भर उन्हाळ्यात येणार. त्या दिवसांत खुराक पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या, दुपारी फक्त चारा-पाणी आणि सावली. ईदेसाठी बोकड वर्षाचा पुरा, सहसा दोन दाती (पुढचे दोन कायमचे दात आलेला), आणि कान, शिंग, पाय यांत व्यंग नसलेला मागतात, त्यामुळे लहान वयाचं गणित इथे लागत नाही. त्यासाठी आधीचे महिने चराई आणि माफक खुराकावर वाढवून शेवटचे ९० दिवसच भरवा.

ईदेशिवाय धुळवड, जत्रा आणि आखाड यांना मागणी असते. आषाढ अमावस्येच्या आत माल काढायचा असेल तर चैत्रात धान्य सुरू झालेलं हवं. श्रावणात भाव बसतो आणि उरलेले बोकड महिनाभर फुकट खातात.

पावसाळ्यात खुराक किती दिवसांचा करून ठेवावा?

१५ दिवसांचा, त्याहून जास्त नाही. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघा. आत ऊब लागली तर उलटून पसरा. गठळ्या किंवा हिरवट बुरशी दिसली तर तेवढाच भाग काढून टाकून बाकीचा वापरायचा, असं करू नका, विष न दिसणाऱ्या दाण्यांतही पसरलेलं असतं.

बाजाराला नेताना?

आदल्या रात्रीपासून धान्य बंद, कोरडं भुसकट आणि पाणी चालू. देवनारसारख्या लांबच्या बाजाराला जाईपर्यंत ५ ते ८ टक्के वजन उतरतं, ते धरूनच भाव ठरवा. यवत, लोणंद, चाकण यांसारख्या जवळच्या बाजारात घट कमी. गाडीत तळाला भुसा किंवा पाचट टाका आणि पहाटे निघा. पोचल्यावर आधी सावली आणि थोडं थोडं पाणी. विकला गेला नाही आणि परत आणला, तर खुराक निम्म्यावरून पुन्हा सुरू करा आणि चार-पाच दिवसांत मूळ मापावर न्या.